जुन्या ट्रॅक्टरच्या एसीत नवा गॅस भरताना

"गॅस संपलाय, तेवढा भरून द्या." एसी दुरुस्त करणाऱ्याच्या कानावर हे वाक्य रोज पडतं. ट्रॅक्टर १९९०च्या आसपासचा किंवा त्याआधीचा असेल, तर या वाक्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे एसीतला गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळालेला असतो. दुसरी अडचण मोठी आहे. त्या ट्रॅक्टरसाठी जो गॅस ठरवला होता, तो आता नव्याने बनतच नाही.

त्या जुन्या गॅसचं नाव आर-१२. त्याच्या जागी आला तो आर-१३४ए. एकाच्या जागी दुसरा भरण्याच्या कामाला 'कन्व्हर्जन' म्हणतात. ते नीट केलं तर जुनी केबिन पुढची कित्येक वर्षं चांगली थंड राहते. घाईत केलं तर पहिल्याच हंगामात कॉम्प्रेसर जाम होतो आणि दोष गॅसला दिला जातो. प्रत्यक्षात या कामात गॅस भरणं हा सगळ्यात सोपा आणि शेवटचा भाग आहे. काम टिकणार की नाही हे तेल, ओलावा आणि कंडेन्सर ठरवतात. तेच इथे सविस्तर पाहू.

केबिनमधली उष्णता बाहेर कशी जाते

इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिट लावलं की थंड वाटतं. स्पिरिट उडून जाताना त्याला उष्णता लागते आणि ती ते आपल्या कातडीतून घेतं. एसी हेच करतो, फक्त उडून गेलेलं द्रव पुन्हा पकडून आणतो.

त्यासाठी दाबाचा उपयोग होतो. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १०० अंशांना न उकळता त्याच्या वर उकळतं. दाब कमी केला तर उलट घडतं आणि द्रव कमी तापमानाला उकळतं. एसीतला गॅस मोकळ्या हवेच्या दाबाला शून्याच्या खूप खाली उकळतो. आर-१२ उणे ३० अंशांच्या जवळ, १३४ए उणे २६च्या जवळ. केबिनमधल्या कूलिंग कॉइलमध्ये त्याला थोड्या दाबाखाली, साधारण शून्य अंशांच्या आसपास उकळू देतात. उकळताना तो केबिनमधली उष्णता शोषतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. सायकलचा पंप मारताना तळ गरम होतो, तसा दाबलेला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा बराच तापतो. तापलेला असल्यामुळेच तो रेडिएटरसारख्या दिसणाऱ्या कंडेन्सरमधून आपली उष्णता बाहेर टाकू शकतो आणि पुन्हा द्रव होतो. पुढे ओलावा शोषणारा डबा, म्हणजे ड्रायर, त्यानंतर दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, आणि परत कूलिंग कॉइल. हे वर्तुळ बंद आहे. त्यातून काही कमी होत असेल तर त्याला गळती हेच कारण असतं.

आर-१२ बंद का झाला

१९३० साली थॉमस मिजली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने सभेसमोर हा वायू श्वासात घेतला आणि तो सोडून मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एकाच कृतीत सिद्ध झालं. त्याआधी शीतकरणासाठी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे घातक वायू वापरत. त्यामुळे आर-१२ सगळीकडे पोहोचला. १९७२ साली जॉन डिअरने 'साउंड-गार्ड' केबिन आणली. अशा बंद केबिनचे ट्रॅक्टर वाढत गेले तसा एसीही शेतात आला, आणि त्यात आर-१२च होता.

त्याचा दोष जमिनीवर दिसणारा नव्हता. हा रेणू इतका टिकाऊ असतो की हवेत साधारण शंभर वर्षं राहतो आणि हळूहळू वर चढतो. तिथे अतिनील किरणांनी त्यातला क्लोरीन सुटतो आणि तो ओझोन तोडतो. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी हा धोका मांडला. १९८५ साली अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जगासमोर आणलं. असे वायू बंद करण्यासाठी १९८७ साली देशादेशांत माँट्रियल करार झाला. विकसित देशांतलं उत्पादन १९९५ अखेर थांबलं, बाकीच्या देशांत २०१० पर्यंत. १३४एमध्ये क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला त्याचा धोका नाही.

तुमच्या ट्रॅक्टरमध्ये अजून थोडा आर-१२ शिल्लक असेल, तर तो नळी उघडून हवेत सोडू नका. रिकव्हरी मशिनने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा लागतो, आणि अनेक देशांत तसा कायदाच आहे. ज्या थरावर सगळ्यांचं आयुष्य अवलंबून आहे, तो वाचवण्यासाठी एवढं करणं माझ्या मते जास्त नाही. शिवाय आर-१२ उघड्या ज्योतीत गेला तर फॉस्जीनसारखे विषारी वायू तयार होतात. बंद शेडमध्ये वेल्डिंग चालू असताना हे काम करूच नये.

दोन्ही गॅस इतके सारखे आहेत, मग अडतं कुठे?

थोडी आकडेवारी पाहू. १८ ते २० अंशांच्या आसपास दोन्ही गॅसचा दाब जवळपास सारखा असतो. त्याच्या खाली १३४एचा दाब किंचित कमी पडतो आणि त्याच्या वर जास्त होत जातो. कंडेन्सरमध्ये गॅस ६० अंशांना द्रव होत असेल तर आर-१२चा दाब सुमारे १५ बार (एक बार म्हणजे साधारण मोकळ्या हवेच्या दाबाइतका) असतो, १३४एचा १७च्या जवळ. ७० अंशांना हेच आकडे १९ आणि २१ होतात.

म्हणजे कूलिंग कॉइलच्या बाजूला फारसा फरक नाही. जुना एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बहुतेक वेळा चालून जातो. पण गरम बाजूला, तेही भर उन्हात, कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो आणि नळ्या, सील यांच्यावर जास्त ताण येतो.

म्हणून जुन्या यंत्रणेत जास्त दाबाला कॉम्प्रेसरचा क्लच सोडवणारा स्विच नसेल, तर कन्व्हर्जनच्या वेळी तो बसवून घ्यावा. दाब हाताबाहेर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळा गॅस हवेत जातो. स्विच त्याआधीच कॉम्प्रेसर थांबवतो.

खरा प्रश्न तेलाचा

एसीच्या कॉम्प्रेसरला इंजिनसारखा मोठा ऑइल पंप आणि चेंबर असतोच असं नाही. बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये तेल गॅसबरोबरच संपूर्ण वर्तुळ फिरतं आणि परत येतं. वाहत्या पाण्याबरोबर बारीक गाळ जातो तसं. हे फिरणं चालू राहायला तेल आणि गॅस एकमेकांत मिसळावे लागतात.

आर-१२ बरोबर खनिज तेल वापरत, आणि ते दोघं छान मिसळत. १३४ए खनिज तेलात मिसळत नाही. अशा वेळी गॅस पुढे निघून जातो आणि तेल कूलिंग कॉइलच्या खालच्या नळ्यांत साचून राहतं. कॉम्प्रेसरकडे परत येणारं तेल आटतं. पहिले काही दिवस सगळं छान चालतं, कारण आतल्या भागांवर तेलाचा जुना थर असतो. मग आवाज सुरू होतो, आणि एक दिवस कॉम्प्रेसर जाम होतो. तेवढ्यावर थांबलं तरी ठीक, पण घासलेल्या धातूचा चुरा कंडेन्सर आणि व्हॉल्व्हपर्यंत पसरतो. कंडेन्सरच्या बारीक वाटांमधला तो चुरा पुन्हा पूर्णपणे निघत नाही. एका चुकीच्या तेलापायी जवळपास अख्खी यंत्रणा बदलावी लागते, आणि हे टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

१३४एसाठी दोन प्रकारची तेलं वापरतात: पॅग आणि एस्टर. नव्या गाड्यांत कारखान्यातून बहुधा पॅग येतं. जुन्या यंत्रणेत मात्र खनिज तेलाचा थोडा अंश आणि आर-१२मधल्या क्लोरीनचे अवशेष राहतातच, आणि एस्टर ते जास्त सहन करतं. म्हणून कॉम्प्रेसर जुनाच ठेवायचा असेल तर एस्टरकडे कल असतो. नवा कॉम्प्रेसर घेतला असेल तर त्याच्या उत्पादकाने सांगितलेलं तेल, त्याच जाडीचं वापरावं. तिथे स्वतःचा अंदाज चालवू नये.

जुनं तेल काढायचं म्हणजे कॉम्प्रेसर उतरवावा लागतो. काहींना तेल काढायचा प्लग असतो. नसेल तर उलटा करून शाफ्ट हाताने फिरवत तेल निथळू द्यायचं. कंडेन्सर, कूलिंग कॉइल आणि नळ्या एसीसाठीच्या फ्लशिंग द्रावणाने धुऊन कोरड्या नायट्रोजनने फुंकून काढायच्या. कॉम्प्रेसर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह धुवायचे नाहीत. त्यांच्यात द्रावण अडकून राहिलं तर नवं तेल पातळ होतं.

नवं तेल मोजून घालायचं. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता, असा समज सर्रास आढळतो. जादा तेल नळ्यांच्या आतून थर धरतं, उष्णतेची देवाणघेवाण कमी होते आणि केबिन कमी थंड होते.

ओलावा: न दिसणारा शत्रू

पॅग आणि एस्टर, दोन्ही तेलं हवेतली वाफ स्पंजासारखी ओढून घेतात. डबा उघडा ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत ते तेल बिघडायला लागलेलं असतं. आत गेलेलं पाणी गॅस आणि तेलाबरोबर आम्ल तयार करतं आणि धातू आतून खातं. काही वेळा ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठतं. तेव्हा एसी चांगला चालता चालता गरम हवा फेकू लागतो, बंद करून ठेवला की पुन्हा सुरू होतो.

यासाठी ड्रायर बदलावाच लागतो. जुन्या ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणे आर-१२साठी निवडलेले असतात, आणि १३४एसाठी वेगळ्या प्रकारचे दाणे लागतात. शिवाय इतक्या वर्षांत ते भरून गेलेले असतात. नवा ड्रायर अगदी शेवटी, यंत्रणा बंद करायच्या क्षणी बसवावा. तोपर्यंत त्याची टोपणं काढू नयेत.

मग येतो व्हॅक्यूम पंप. बऱ्याच जणांना वाटतं की तो फक्त हवा काढतो. तो पाणीही काढतो, पण ओढून नव्हे, उकळवून. दाब हवेच्या दाबाच्या चाळिसाव्या भागाखाली गेला की पाणी २० अंशांनाच उकळतं आणि वाफ होऊन पंपातून बाहेर पडतं. म्हणूनच पाच-दहा मिनिटं पंप लावून चालत नाही. किमान पाऊण-एक तास द्यावा, ट्रॅक्टर बरेच दिवस उघडा पडला असेल तर त्याहून जास्त. हवा थंड असेल तर ओलावा सहज उकळत नाही, त्यामुळे हे काम उबदार वेळी करावं.

पंप बंद केल्यावर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा अर्धा तास जागेवर राहतो का, ते पाहायचं. काटा परत वर सरकला तर गळती आहे किंवा ओलावा अजून शिल्लक आहे. गळती शोधायला आत नायट्रोजनचा दाब द्यावा. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा कधीच देऊ नये. त्यात पाण्याची वाफ असते. शिवाय १३४ए एरवी पेटत नसला तरी हवेत मिसळून दाबाखाली तो पेटू शकतो.

सगळ्या नळ्या बदलायच्या का?

१३४एचा रेणू लहान असतो आणि जुन्या साध्या रबरी होजच्या भिंतीतून हळूहळू झिरपतो. त्याच्यासाठीच्या होजमध्ये आतून नायलॉनचा थर असतो. असं असलं तरी वर्षानुवर्षं खनिज तेलात भिजलेल्या जुन्या होज बऱ्याचदा बऱ्यापैकी काम देतात. माझं मत असं: होज मऊ असेल, भेगा नसतील, जोडाजवळ तेलकट डाग नसेल तर ती राहू द्यावी. इंजिनवर घासणारी, कडक झालेली किंवा तेलकट दिसणारी होज मात्र आत्ताच बदलावी.

जोड घट्ट ठेवणाऱ्या रबरी कड्यांच्या, म्हणजे ओ-रिंगच्या बाबतीत असा विचार करत बसू नये. जो जोड उघडला त्याची ओ-रिंग बदलायची, १३४एला चालणारी घ्यायची आणि तेल लावून बसवायची.

ट्रॅक्टर म्हणजे कार नव्हे

कन्व्हर्जनबद्दल सांगितलं जाणारं बरंचसं कारच्या अनुभवावरून आलेलं असतं. कार रस्त्यावर पळते तेव्हा समोरून येणारी हवा कंडेन्सर थंड करते. ट्रॅक्टर ताशी पाच-सात किलोमीटरने चालतो, इंजिनवर पूर्ण भार असतो, वारा नसतो आणि सगळी भिस्त पंख्यावर असते. भोवती धूळ, भुसा, कुसळं. केबिनला चारी बाजूंनी काच, आणि खाली तापलेलं गिअरबॉक्स. एसीची याहून कठीण परीक्षा क्वचितच होत असेल.

आता वरचे आकडे आठवा. १३४एचा दाब गरम बाजूला आधीच जास्त. कंडेन्सरच्या फटी भुशाने अर्ध्या बुजल्या, तर गॅसला उष्णता टाकायला आणखी तापावं लागतं आणि दाब चढत जातो. आर-१२ असताना जो मळ खपून जात होता, तो आता खपत नाही. 'नव्या गॅसने थंड होत नाही' अशी तक्रार येते तेव्हा मी आधी कंडेन्सर पाहायला सांगेन. पुढून स्वच्छ दिसला तरी रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत भुशाची गादी असते. ती पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवा मारून काढायची. हवेचा जोर बेताचा ठेवायचा, नाहीतर कंडेन्सरच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, वाकतात. काही ट्रॅक्टरवर कंडेन्सर केबिनच्या छतावर असतो, तिथे त्याचे स्वतंत्र पंखे पूर्ण वेगाने फिरतात का तेही पाहावं.

पंख्याचा बेल्ट सैल नाही ना, केबिनचा एअर फिल्टर चोंदलेला नाही ना, हेही तपासावं. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते: हिटरचा व्हॉल्व्ह. तो पूर्ण बंद होत नसेल तर इंजिनचं ८०-९० अंशांचं पाणी केबिनमधल्या हिटर कॉइलमधून वाहत राहतं, आणि अनेक केबिनमध्ये ती कूलिंग कॉइलला लागूनच असते. एसी थंड करतो आणि हिटर तीच हवा गरम करतो. हिटरच्या होजला हात लावून पाहिला की लगेच कळतं.

किती गॅस भरायचा?

जुन्या पाटीवर लिहिलेल्या आर-१२च्या वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्के. पाटीवर २ किलो असेल तर १.६ किलोपासून सुरुवात करायची आणि गेज पाहत १.८च्या आत थांबायचं. १३४एच्या द्रवाची घनता कमी असते, म्हणून तेवढीच जागा कमी वजनाने भरते.

इथे जुनी सवय घात करते. ड्रायरवर काचेची छोटी खिडकी असते. आर-१२च्या काळात तिच्यातले बुडबुडे नाहीसे झाले की गॅस पुरेसा झाला, असं समजत. १३४एबरोबर गॅस योग्य असतानाही तिथे फेसाळ, दुधाळ दिसू शकतं. बुडबुडे घालवण्याच्या नादात गॅस भरत राहिलं की दाब वाढतो आणि थंडावा उलट कमी होतो. म्हणून गॅस वजनकाट्यावर तोलूनच भरावा.

इंजिन चालू असताना गॅस कमी दाबाच्या बाजूनेच, सिलिंडर उभा ठेवून, वायुरूपात द्यावा. द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये गेला तर तो दाबला जात नाही आणि व्हॉल्व्ह किंवा पिस्टन तुटतात. चष्मा आणि हातमोजे घालावेत, कारण उडालेला द्रव डोळ्याला क्षणात गोठवतो.

'शिल्लक आर-१२ वरच थोडा १३४ए भरला तर?'

असं करू नये. दोघांच्या मिश्रणाचा दाब दोघांपैकी एकाच्याही तक्त्याशी जुळत नाही, त्यामुळे गेज पाहून काहीच कळत नाही. शिवाय आत खनिज तेल तसंच असतं. पुढे हा मिश्र गॅस कोणी काढून घेतला तर त्याच्या सिलिंडरमधला चांगला गॅसही वाया जातो.

'काहीही न बदलता थेट भरा' म्हणून विकले जाणारे काही पर्याय प्रोपेन-ब्युटेनसारखे ज्वालाग्राही असतात. ते थंड करतात, यात शंका नाही. पण जी यंत्रणा पेटणाऱ्या गॅससाठी बनवलेलीच नाही, जिची कूलिंग कॉइल माणूस बसतो त्या बंद केबिनमध्ये आहे, तिथे गळती झाली तर परिणाम काय होईल याचा विचार करावा. मी कोणालाही तो सल्ला देणार नाही. गळती बुजवणारी रसायनंही टाळावीत, कारण हवा आणि ओलावा लागला की ती घट्ट होतात आणि गॅस काढणाऱ्या मशिनमध्येही अडकतात.

'१३४ए सुद्धा बंद होणार आहे ना?'

प्रश्न रास्त आहे. १३४ए ओझोनला इजा करत नसला तरी वातावरण तापवतो, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट. माँट्रियल करारातल्या २०१६च्या किगाली दुरुस्तीनुसार अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवला जात आहे. अनेक देशांतल्या नव्या कारमध्ये आता १२३४वायएफ हा गॅस असतो, ज्याचा हा आकडा एक-आकडी आहे. तो किंचित ज्वालाग्राही आणि महाग आहे आणि नव्याने आखलेल्या यंत्रणांसाठी आहे. जुन्या ट्रॅक्टरसाठी आज व्यवहार्य गॅस १३४एच. आर-१२चा तापवण्याचा आकडा सुमारे १०,९०० आहे हेही ध्यानात घ्या. गळका आर-१२ चालू ठेवण्यापेक्षा घट्ट बंद केलेला १३४ए कितीतरी बरा. १३४ए घटत जाईल तसा महाग होईल, म्हणून गळती आधी काढणं आणखी महत्त्वाचं ठरतं.

'पूर्वीइतकं थंड होईल का?'

कंडेन्सर स्वच्छ असेल, तेल-गॅस मोजून भरले असतील तर बहुतेक वेळा फरक जाणवत नाही. अतिशय गरम दुपारी, इंजिन मंद चालू असताना थोडा कमी पडू शकतो. तिथे अधिक कार्यक्षम, समांतर प्रवाहाचा नवा कंडेन्सर बसवता आला तर खूप फायदा होतो. सगळ्या सुट्या भागांत पैसे खर्च करायचे असतील तर आधी इथे करावेत.

आता राहिले सर्व्हिस पोर्ट, म्हणजे गॅस भरायची-काढायची तोंडं, आणि पाटी. आर-१२चे पोर्ट आट्यांचे असतात. त्यांच्यावर १३४एचे झटकन बसणारे अडॅप्टर कायमचे बसवायचे. कमी दाबाचा १३ मिलिमीटरचा आणि जास्त दाबाचा १६चा, म्हणजे नळ्या अदलाबदल होऊच शकत नाहीत. जुनी पाटी झाकून नवी लावायची, आणि तिच्यावर लिहायचं: गॅस १३४ए, किती वजन, तेल कोणतं आणि किती, कामाची तारीख. पाच वर्षांनी बॉनेट उघडणाऱ्याला आत काय आहे हे त्या पाटीवरूनच कळणार आहे.